काकांना हे कुणीतरी वाचून दाखवा

यशवंतसर निवृत्त झाले ते शाळेतून. घरातून त्यांना कोण निवृत्त करणार! उभी हयात मुलांच्या वह्या तपासण्यात गेली, तेव्हा तपासायची सवय डोळ्यांना, हातांना आणि मुख्य म्हणजे जिभेला लागलेली. माणूस मात्र लाखात एक, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मागाहून गैरसमज व्हायचा. कसलं व्यसन नाही, कुणावर कधी हात उगारला नाही, धाकट्या भावाची पोरं शिकवून मार्गाला लावली, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांवर माडी चढवली. गल्लीत कुणाला अर्ज लिहून हवा असो की चौदा एप्रिलला कुणाच्या पोराला भाषण करायचं असो, पाय सरांच्याच दाराकडे वळणार. आणि अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, रत्नदीप, बायकोला आणि मुलीला घेऊन घर सोडून चालला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात, भाड्याचा फ्लॅट ठरला होता आणि रविवारी टेम्पो यायचा होता.

कारण सांगितलं होतं त्यानं. शुभदाची, म्हणजे सुनेची, बँकेत बदली झाली, तिकडची शाखा तिथून जवळ पडते. सरांना ते काही केल्या पटेना. सोलापूर ते केवढं! या टोकाला स्कूटीवर टांग टाकली की चहा निवायच्या आत माणूस त्या टोकाला. एवढ्यासाठी कुणी बापाचं घर सोडतं होय? सरांना अन्न गोड लागेना. सकाळी फिरायला आलेल्या मित्रांना धरून ते विचारायचे, वाण्याला विचारायचे, "मी यांना काय कमी केलं हो?" बायकोला, भीमाबाईंना, तर येता-जाता विचारायचे. भीमाबाई अक्कलकोट तालुक्यातल्या. शेजारणींत बसल्या की अख्खी गल्ली हसवायच्या. सरांसमोर मात्र दोन शब्दांत काम भागवायच्या.

"मला काय म्हाईत," त्या म्हणायच्या.

"माहीत," सर म्हणायचे. "आणि ती भाकरी उलट आधी, करपते आहे."

भीमाबाई भाकरी उलटायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

एकदा रत्नदीपनं धीर केला. जेवणं झाल्यावर तो वडिलांसमोर येऊन बसला. घसा साफ केला.

"बाबा, मागच्या बुद्धपौर्णिमेपासून तुमच्याशी बोलायचं म्हणतोय."

"बुद्धपौर्णिमा नव्हे. तेव्हा तू पुण्याला होतास. जून म्हण."

"बरं, जूनपासून. तर आम्हाला असं वाटतं की आपण सगळे घरात असलो ना, की..."

"सरळ बस आधी. पोक येतो अशानं. हं, बोल पुढं."

रत्नदीप सरळ बसला. पण पुढचं काही त्याच्या तोंडून येईना. तो म्हणाला, "काही नाही. टेम्पो सकाळीच येईल म्हणाला." शुभदानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सरांनी तो उचलून चार बोटं अलीकडे सरकवला.

"चुकलं का काही?" शुभदानं विचारलं.

"चुकलं नाही. तिथं पाय लागून सांडेल. सांगायचं आपलं काम." 'चुकलं का काही?' हा प्रश्न त्या घरात उठता-बसता विचारला जायचा, त्यामुळे सरांच्या कानांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

नात चैताली नववीत होती. मागच्या वर्षी शाळेच्या वार्षिक अंकात तिची कविता छापून आली, तेव्हा ती धावत अंक घेऊन आजोबांकडे आली होती. आजोबांनी कौतुकानं कविता वाचली, तांबडं पेन काढलं आणि छापील पानावर दुरुस्त्या करून दिल्या. चांगल्याच दुरुस्त्या होत्या, कवितेचं भलंच झालं असतं. यंदाचा अंक मात्र तिनं घरी आणलाच नाही. अजून छापून यायचाय म्हणाली, आणि सर बराच वेळ हल्लीच्या शाळांच्या ढिसाळ कारभारावर बोलत राहिले.

अशा दिवसांत दिपकचा फोन आला. दिपक सरांचा जुना विद्यार्थी, अक्षरवेध मंडळाचा चिटणीस. हे मंडळ दरवर्षी जिल्ह्यातल्या शाळांच्या अंकांतले लेख मागवून त्यांची स्पर्धा घ्यायचं. पद्धत मोठी काटेकोर. अंकातली पानं कापून घ्यायची, मुलाचं आणि शाळेचं नाव पांढऱ्या कागदाची पट्टी डकवून झाकायचं आणि वर नुसता क्रमांक टाकायचा. परीक्षक कोण, हे कार्यक्रमापर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, घरात बायकोलासुद्धा नाही. पट्टी निघणार ती व्यासपीठावरच. पहिल्या आलेल्या मुलानं आपला लेख सगळ्यांसमोर वाचायचा आणि त्यावर मुख्य परीक्षकांनी लिहून दिलेला अभिप्राय मंडळानं वाचून दाखवायचा, असा तिथला रिवाज होता.

"यंदा मुख्य परीक्षक तुम्हीच, सर," दिपक म्हणाला. सरांना त्या दिवशी जेवण जरा गोड लागलं.

पेन्शनचं काम आहे असं घरी सांगून ते सात रस्ता चौकात गेले. तिथं एका झेरॉक्सच्या दुकानावर मंडळाची खोली होती. खाली रिक्षांचा गलबला, वर तीन परीक्षक. दुसरे होते कर्नाटकच्या वेशीवरच्या दुधनीतल्या शाळेचे मुख्याध्यापक विरेशसर. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि तावातावानं बोलायला लागले की दोन्हीची खिचडी. तिसऱ्या रेश्मा मॅडम, कॉलेजात शिकवणाऱ्या, वयानं लहान, त्यामुळे दोघा ज्येष्ठांचं बोलणं संपेपर्यंत पेनचं टोपण काढत-घालत बसलेल्या.

लेखांचा ढीग पुढं होता. पाणी वाचवा होतं, मोबाईल शाप की वरदान होतं, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवर तर सात-आठ मुलांनी लिहिलं होतं आणि सगळ्यांनी पहिलं वाक्य एकच लिहिलं होतं. सर वाचत होते, गुण देत होते, पण मन घरी होतं. मुलगा का चाललाय, हा किडा डोक्यातून जात नव्हता. आणि मग एक लेख हातात आला. मथळा होता, 'कडी वाजली की'.

'आमचे काका फौजेतून रिटायर झाले,' मुलीनं लिहिलं होतं. 'गावात त्यांना फार मान आहे. संध्याकाळी दाराची कडी वाजली की आमच्या घरातलं हसणं थांबतं. काकू पुसलेला ओटा परत पुसते. मी वाचत नसले तरी पुस्तक उघडते. काका कधी ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, शेजाऱ्यांना तरी कळलं असतं. काका फक्त बरोबर करून देतात. काकूनं घातलेली घडी मोडून ते परत घालतात. बाबा बोलायला लागले की मधेच त्यांचं बोलणं बरोबर करून देतात, मग बाबांना पुढचं आठवत नाही. काकू आधी खूप गाणी म्हणायची. आता कुकरच्या शिट्ट्या चालू असतात तेवढ्यात गुणगुणून घेते. आमच्या घरात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, चुकलं का काही? काका आमच्यासाठी खूप करतात. ते वाईट नाहीत. म्हणून तर कुणाला काही सांगता येत नाही.'

सरांनी चष्मा काढला. डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. कोण कुठली पोर, कुठल्या खेड्यातली, आणि केवढं सोसते आहे! त्या फौजी काकाचा त्यांना असा संताप आला की तो समोर असता तर सरांनी त्याला बाकावर उभा केला असता.

"हा पहिला," त्यांनी पानं टेबलावर ठेवली. "यात चर्चा नको."

विरेशसरांनी लेख वाचला आणि मान हलवली. "छान आहे हो, पण असं घरातलं चव्हाट्यावर कशाला? आणि काका बिचारा काय वाईट आहे? पीत नाही, मारत नाही. घराला शिस्त लावतो की."

"शिस्त?" सर खुर्चीत पुढं सरकले. "विरेशसर, याला शिस्त म्हणता? घरात माणसं गाणं म्हणायला कुकरची शिट्टी शोधतात, आणि शिस्त? मारलेलं दिसतं तरी. हे दिसतसुद्धा नाही!"

"इरली बिडी, सर," विरेशसर म्हणाले. "राहू द्या. एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या घरचं आहे का ते?"

"म्हणून काय झालं? अशा माणसाला कुणी तोंडावर सांगत नाही, तिथंच घोडं पेंड खातं."

रेश्मा मॅडमनी टोपण बंद केलं. "पण सर, पहिला आला तर मुलीला हे सगळ्यांसमोर वाचावं लागेल. तिला आवडेल का ते? दुसरा देऊ या का?"

"का म्हणून? खरं लिहिलंय, मान वर करून वाचेल." सरांनी तिथल्या तिथं कोरा कागद ओढला आणि आपल्या वळणदार अक्षरात अभिप्राय लिहिला. लिहून झाल्यावर दोघांना मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटच्या वाक्यावर विरेशसरसुद्धा हसले आणि सही करून मोकळे झाले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं कुणी म्हणेल. पण झाकलेलं काही आहे हे सरांना ठाऊक असेल तर ना!

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा आत कुणीतरी खळखळून हसत होतं. सरांनी कडी वाजवली. दार उघडलं तेव्हा भीमाबाई ओटा पुसत होत्या, शुभदा कपड्यांच्या घड्या घालत होती आणि चैतालीसमोर भूगोलाचं पुस्तक होतं. घर कसं कामाला लागलेलं बघून सरांना बरं वाटलं. दाराशी पडलेल्या चपला त्यांनी जोडीनं लावल्या.

"शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी अक्षरवेधच्या कार्यक्रमाला यायचं," त्यांनी जाहीर केलं. "का, ते तिथंच कळेल." मनातला हिशेब साधा होता. रविवारी जायचंच असेल तर आदल्या दिवशी पोरांनी बघावं तरी, आपण कुणाला सोडून चाललोय ते.

शुभदानं चैतालीकडे पाहिलं. चैतालीच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं. "आजोबा, शाळेतून मलाही तिथं बोलावलंय. म्हणजे, ज्यांचे लेख पाठवले त्या सगळ्यांनाच."

"तुझा लेख? अंक तर आला नव्हता ना अजून? आणि मला दाखवला नाहीस तो?"

"चुकलं का काही?" चैताली म्हणाली.

"दाखवला असतास तर दोन गोष्टी सांगितल्या असत्या. असो. बघू, कितव्या नंबरावर येतेस ते." त्यांना वाटलं, गड्ड्याच्या जत्रेवर लिहिलं असेल. ते सगळे लेख त्यांनी तळाला टाकले होते, आणि त्याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. सर व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले आणि तिथून त्यांनी घरच्यांना हुडकलं. चौथ्या रांगेत भीमाबाई, रत्नदीप, शुभदा. पलीकडे शाळेच्या मुलींत चैताली. त्यांना वर बसलेलं बघून चैतालीच्या तोंडचं पाणी पळालं, पण एवढ्या लांबून सरांना ते काय दिसणार? त्यांनी हात हलवला. मग सत्कार झाले. अक्षरवेधचा सत्कार म्हणजे शाल नव्हे, सोलापुरी चादर. दिपकनं घाईत चादर सरांच्या हातात दिली, सरांनी ती मांडीवर ठेवली.

तिसरा नंबर झाला, दुसरा झाला. "आणि पहिला क्रमांक," दिपकनं सगळ्यांना दिसेल अशी पट्टी सोलली, " 'कडी वाजली की'. लेखिका, चैताली शुभदा रत्नदीप, नववी ब!" आडनाव लावायचं नाही हे रत्नदीपनं तिच्या जन्मावेळीच ठरवलं होतं, त्यामुळे दिपकला काही उमगलं नाही. पोरगी कुणाची ते त्याला कुठं ठाऊक!

सरांची छाती आधी अभिमानानं फुगली. आपली चैताली! नाव झाकलेलं असताना आपण तिला ओळखलं, हिऱ्याला हिरा म्हटलं! आणि मग हळूच एक विचार आला. पण हिला फौजेतला काका कुठला?

चैताली माईकसमोर येऊन उभी राहिली. तिनं एकदा आईकडे पाहिलं, आजोबांकडे मात्र अजिबात नाही, आणि वाचायला लागली. आवाज बारीक होता, पण वाक्यं सरळ येत होती. 'दाराची कडी वाजली की आमच्या घरातलं हसणं थांबतं.' सर ऐकत होते आणि स्वतःला सांगत होते, काल्पनिक असेल, पोरी लिहितात असं मनानं रचून. शुभदाच्या माहेरी असेल कुणी काका. असेलच.

'काकूनं घातलेली घडी मोडून ते परत घालतात,' चैतालीनं वाचलं.

सरांनी खाली पाहिलं. मांडीवरच्या चादरीची घडी त्यांनी मोडली होती. दिपकनं दिली तेव्हा कडा जुळत नव्हत्या, म्हणून. दोन टोकं त्यांच्या चिमटीत होती आणि तिसरं त्यावर आणायचं राहिलं होतं. हात तिथंच थांबले. ती घडी पुढं घालवेना आणि चादर सोडवेना. शेजारी विरेशसर कौतुकानं मान डोलावत होते. माईकवरून एकेक वाक्य येत होतं आणि प्रत्येक वाक्यासरशी सरांना आपलंच घर दिसत होतं, तांब्या दिसत होता, सरळ बसलेला रत्नदीप दिसत होता. कुकरच्या शिट्टीत गुणगुणणं त्यांनी आजवर ऐकलंच नव्हतं. चौथ्या रांगेत भीमाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मुलगा का चाललाय, हे ते महिनाभर गावाला विचारत हिंडत होते. उत्तर हातात आलं होतं, आणि त्यांनी त्याला गुण दिले होते!

टाळ्या पडल्या. दिपकनं कागद उलगडला. "आता मुख्य परीक्षकांचा अभिप्राय. आमच्या गुरुजींच्याच शब्दांत." आणि तो वाचायला लागला. 'लेखिकेनं काकांना एकदाही वाईट म्हटलेलं नाही, म्हणूनच ते मनातून उतरतात. आपण काय करतो आहोत याचा अशा माणसाला पत्ताच नसतो, कारण घरात त्याला सांगायची कुणाची छाती होत नाही. माझी एकच विनंती आहे. काकांना हे कुणीतरी समोर बसवून वाचून दाखवा.'

सभागृहात हशा पिकला. चैताली हसली नाही.

"सर, दोन शब्द," दिपकनं माईक पुढं केला.

सर उठले. हातातली चादर खुर्चीवर तशीच चोळामोळा होऊन पडली. मनात एक गोष्ट स्पष्ट होती, आता खोटं वागायचं नाही. बाबासाहेबांचं नाव घेऊन उभा जन्म मुलांना खरं बोलायला शिकवलं, मग आज तोंड लपवायचं? त्यांनी माईक जवळ घेतला.

"या लेखात एक चूक आहे," ते म्हणाले.

व्यासपीठाच्या पायऱ्या उतरणारी चैताली थबकली आणि नको, नको अशी मान हलवायला लागली. सरांनी ते पाहिलं. पाहूनही बोलले.

"यात काका नाहीत. फौजही नाही. हे आजोबा आहेत. ही माझी नात, आणि तो माणूस मी. एवढी दुरुस्ती करून घ्यावी."

मागून एकानं टाळी वाजवली आणि बघता बघता लोक उभे राहिले. असा मोठ्या मनाचा माणूस बघायला मिळत नाही, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. विरेशसरांनी त्यांना मिठीच मारली. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. गर्दीतून त्यांना दिसलं की चैताली आईच्या खांद्यावर तोंड खुपसून हमसून हमसून रडते आहे. त्यांना वाटलं, पोरीचं मन मोकळं झालं.

सगळे रिक्षानं घरी आले. दार उघडून आत आल्यावर सरांनीच विषय काढला. "तुझी ट्रॉफी कुठंय, बाळ? आण, समोर ठेवू."

"तिथंच राहिली," चैताली म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "सगळे तुमच्याभोवती होते."

"अगं, मग उद्या आणू. पण तू भिऊ नकोस. तू लिहिलंस ते खरंच होतं, मी सगळ्यांसमोर कबूल केलं की नाही?"

"मी काका लिहिलं होतं, आजोबा!" तिचा आवाज फाटला. त्या घरात एवढ्या मोठ्यानं ती आजवर बोलली नव्हती. "आमच्या बाईंनी सांगितलं होतं, घरातलं लिहायचं असेल तर माणूस बदलून लिहा, म्हणजे कुणाला त्रास होत नाही. तुम्हाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून मी काका लिहिलं, फौज लिहिली, गाव लिहिलं. आजीला कुणी विचारू नये म्हणून काकू लिहिलं. आता सोमवारी शाळेत सगळ्या मला विचारणार. मम्मीला बँकेत विचारणार. मी मान हलवून सांगत होते तुम्हाला. तुम्ही बघितलंत माझ्याकडे!"

"पण ते बरोबर नव्हतं ना, म्हणून मी..." सर बोलता बोलता थांबले.

चैताली माडीवर निघून गेली. शुभदा तिच्यामागे गेली. खाली जिन्याशी बांधून ठेवलेली खोकी होती, त्यांच्याशेजारी रत्नदीप उभा होता. सर त्याच्याजवळ गेले.

"रत्नदीप, आता तर मला कळलं सगळं. मग आता राहताय ना? टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग."

रत्नदीपनं वडिलांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर सरांना सोपं गेलं असतं. "नाही, बाबा," तो म्हणाला. "मागच्या बुद्धपौर्णिमेपासून मला एवढंच सांगायचं होतं, की आम्हाला इथं श्वास घ्यायला होत नाही. टेम्पो उद्या येणार आहे." बोलणं पूर्ण झालं तरी तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, जणू मधे कुणी काही म्हणेल अशी वाट बघत. कुणी काही म्हणालं नाही. मग तोही वर गेला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे सरांनी मुलांना किती वेळा फळ्यावर लिहून दिलं असेल. सर पलंगावर बसले. भीमाबाईंनी दिवा लावला, कुकर गॅसवर ठेवला आणि येऊन समोर भिंतीला टेकून बसल्या. गल्लीतून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

"तितं बी बरोबरच करून दिलंत की," त्या म्हणाल्या.

सरांचे ओठ हलले. जिभेवर काही आलं असेल तर ते त्यांनी गिळलं. मग त्या घरात सगळ्यांनी सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला.

"चुकलं का माझं काही?"

"व्हय," भीमाबाई म्हणाल्या.

आणि मग, कुकरची शिट्टी व्हायला अजून अवकाश होता तरी, त्या बोलायला लागल्या. लई वर्सांचं साठलेलं होतं. सर ऐकत राहिले.